इलेक्ट्रिक बस आली, पण साडेपाचची बस कुठंय?

नवीन इलेक्ट्रिक बस आली की कार्यक्रम ठरलेला असतो. बसला झेंडूच्या माळा, पुढच्या चाकाशी नारळ, हिरवा झेंडा, पहिल्या सीटवर बसून पुढाऱ्यांचे फोटो, आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर दोन प्रश्न: एसी आहे का, आणि एका चार्जिंगमध्ये किती जाते. प्रश्न चुकीचे आहेत असं नाही, पण ते अगदी शेवटी विचारायचे प्रश्न आहेत आणि आपल्याकडे अख्खं प्लॅनिंगच तिथून सुरू होतं, मग पुढे कुठेतरी गाडी अडते आणि सगळे बॅटरीला शिव्या घालतात.

शहराची बससेवा धुराची सोडून विजेवर न्यायची आणि हे करताना कुणी स्टॉपवरच राहू नये, हे जमवायचं कसं ते इथे जमेल तेवढं सोपं करून सांगतो. मी पुण्यात राहतो, त्यामुळे उदाहरण पुण्याचं, अधूनमधून मुंबईचं.

पुण्याची जुजबी माहिती आधी. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून पीएमपीएमएल झाली, जिला आपण सगळे अजून पीएमटीच म्हणतो. तिकिटातून खर्च भागत नाही, तो जवळपास कुठल्याच शहरात भागत नाही, त्यामुळे जी संचलन तूट येते ती पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के अशी भरते. स्वतःच्या आणि ठेकेदारांच्या मिळून साधारण दोन हजार बस, रोज दहा लाखांच्या वर प्रवासी. आता लाख लोकसंख्येमागे ५० च्या आसपास बस हव्यात असा एक ढोबळ नियम आहे, दोन्ही शहरं धरून सत्तर लाख लोक पकडले तर साडेतीन हजार बस झाल्या. म्हणजे बस डिझेलची, सीएनजीची की विजेची हे नंतर, मुळात बसच कमी आहेत. इलेक्ट्रिक बस इथे फेब्रुवारी २०१९ पासून धावतायत, सुरुवात भेकराईनगर आणि निगडी या दोन डेपोंतून झाली, त्यामुळे हा विषय पुण्याला नवीन नाही.

आता एक मावशी डोळ्यासमोर आणा. कात्रजच्या वरच्या अंगाला राहतात, कोथरूडला चार घरी काम, पहिलं घर साडेसहाचं कारण त्या घरातली मुलं सातच्या शाळेला जातात. म्हणजे मावशींना साडेपाचला बस हवी. दुपारी परत येताना मधे उतरून मंडईतून भाजी, कधी सासूला घेऊन ससून हॉस्पिटलला, कधी नातवाला बालवाडीतून आणायचं. प्लॅनिंगच्या भाषेत मावशी म्हणजे एक 'ट्रिप' नाही, चार-पाच तुकड्यांची माळ आहे, आणि आपली बससेवा ज्या माणसासाठी आखलेली असते तो बहुतेक वेळा सकाळी नऊला निघून सहाला परतणारा ऑफिसवाला असतो. त्याला दोन फेऱ्या पुरतात. मावशींना नाही पुरत.

हे लक्षात ठेवा, मावशी पुढे परत लागणार आहेत.

थोडं गणित करू, घाबरू नका, चौथीतलं आहे. समजा एका रूटवर या टोकाहून त्या टोकाला जायला तास लागतो. जाऊन-येऊन दोन तास, दोन्हीकडे चहापाण्याचे पाच-पाच मिनिटं, म्हणजे एक बस १३० मिनिटांनी परत जागेवर उभी. लोकांना दर १० मिनिटांनी बस द्यायची तर १३० भागिले १०, बरोबर १३ बस लागल्या. आता ट्रॅफिकमुळे जाताना दहा आणि येताना दहा मिनिटं वाढली, तर १५० भागिले १०, १५ बस. प्रवासी एक वाढला नाही, फेरी एक वाढली नाही, दोन बस आपण नुसत्या सिग्नलला उभ्या राहण्यासाठी विकत घेतल्या, आणि १२ मीटरची एसी इलेक्ट्रिक बस कोटीच्या वर जाते म्हणजे बघा. हेच उलट्या बाजूनं वाचलं तर बसला वेगळी लेन दिली आणि ती वीस मिनिटं वाचवली की एकही बस न घेता दोन बस मिळाल्या. पुण्यानं हे देशात सगळ्यांच्या आधी करून बघितलं होतं, २००६ च्या डिसेंबरात स्वारगेट-कात्रज-हडपसरला पायलट बीआरटी, म्हणजे बसच्या वेगळ्या लेनचा प्रयोग, मग २०१५ मध्ये रेनबो बीआरटी. त्यातल्या नगर रोडवरचा बराच भाग अलीकडे काढूनही टाकला. काढण्यामागे कारणं होती, अर्धवट लेन, अपघात, मेट्रोचे खांब, सगळं मान्य, पण बसची लेन काढायची आणि दुसऱ्या दिवशी महागड्या बस आणल्याची बातमी द्यायची हे मला घरातला नळ गळत ठेवून टँकर मागवण्यासारखं वाटतं.

आता या गणितात बॅटरी घालू. बॅटरीचं माप म्हणजे किलोवॉट-अवर, आपल्या लाइट बिलावरचं एक युनिट. समजा बसमध्ये २५० युनिटची बॅटरी आहे. पूर्ण तळाला जाऊ देत नाहीत, वापरायला मिळतात साधारण २००. एसी लावलेली १२ मीटरची बस शहरात किलोमीटरला एक ते सव्वा युनिट खाते, मे महिन्यात दाराशी लोंबकळणारी गर्दी असेल आणि वर कात्रजचा चढ असेल तर त्याहून जास्त. १.२ धरला तर १६५ च्या आसपास किलोमीटर झाले. शहरातली बस दोन शिफ्टमध्ये दिवसाला २०० च्या आसपास फिरते. म्हणजे पस्तीसेक किलोमीटर कमी पडतात. डिझेलच्या बसला हा प्रश्नच नव्हता, सकाळी टाकी भरली की रात्रीपर्यंत बघायला नको. त्यात बॅटरी वर्षागणिक थकते, आज जे जमतं ते सहाव्या वर्षी जमेलच असं नाही.

मग ते पस्तीसेक किलोमीटर आणायचे कुठून? मोठी बॅटरी घेता येते पण ती महाग आणि जड, टनावारी वजन वाढतं. दुपारी गर्दी नसताना तासभर चार्जिंगला लावता येते, पण तेवढा वेळ ती फेरी दुसऱ्या बसनं करायची, म्हणजे वरच्या गणितातल्या १३ च्या १४ झाल्या. आणि तिसरा मार्ग कुणी उघड सांगत नाही, तो म्हणजे फेऱ्याच कमी करायच्या. आणि कात्री लावायचीच म्हटली की कागदावर सगळ्यात सोपी असते ती पहाटेची पहिली आणि रात्रीची शेवटची फेरी, कारण त्यात तिकिटं कमी फाटतात आणि डेपोतून रिकामी बस टर्मिनलपर्यंत न्यायची, ज्याला डेड किलोमीटर म्हणतात, तेही वाचतं. झालं, साडेपाचची बस गेली. कुणी वाईट हेतूनं काढली नाही, गणितातून गळाली. मावशींना आता सहाची शेअर रिक्षा, जिला पैसे जास्त, किंवा पहिलं घर सोडायचं.

म्हणून म्हणतो, हिशेब उलटा मांडायला हवा. आधी साडेपाचची बस पक्की, मग दर किती मिनिटांनी, मग त्याला किती बस, मग कुठल्या बसला किती पल्ला, मग किती युनिटची बॅटरी आणि चार्जर कुठे. सगळ्या रूटला एकच बस लागतच नाही. सपाट, छोट्या रूटला छोटी बॅटरी पुरते, पेठांमध्ये १२ मीटरची बस वळतच नाही तिथे ७ मीटरच्या लागतात ('पुण्यदशम' ही दहा रुपयात दिवसभर फिरायची सेवा छोट्या बस घेऊनच सुरू केली होती), आणि काही लांबचे रूट अजून चार-सहा वर्षं सीएनजीवर राहिले तर आभाळ कोसळत नाही.

डेपोचंही असंच. फोन चार्ज करायला होस्टेलच्या खोलीत सहा जण आणि बोर्ड एक, तसा प्रकार. १०० बस रात्री एकदम ६० किलोवॉटनं लावल्या तर ६,००० किलोवॉट झाले, म्हणजे ३ किलोवॉटचा मंजूर भार असलेले २,००० फ्लॅट एका डेपोत. अर्थात सगळ्या एकदम लावत नाहीत, पाळीपाळीनं लावतात, तरी हाय टेन्शन लाइन, ट्रान्सफॉर्मर, कधी छोटं सबस्टेशन लागतंच. मग केबलसाठी रस्ता खोदाईची परवानगी, पावसाळ्यात खोदाई बंद, गणपतीत कोण खोदू देणार, दिवाळीनंतर बघू. बस तयार होऊन येते, चार्जर यायचा असतो. त्यामुळे वीजजोडणीचा अर्ज बसच्या टेंडरच्या आधी जायला हवा, ही साधी गोष्ट आहे पण नारळ फोडायला सबस्टेशनवर कोण जातंय. एक मात्र चांगलं झालंय, केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार दिवसा ऊन असताना वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग असा दर लावायचाय, त्यामुळे दुपारचं चार्जिंग, जे फेऱ्यांच्या दृष्टीनं कटकट होतं, ते बिलाच्या दृष्टीनं फायद्याचं होऊ शकतं.

आता जरा अडचणीचा विषय. प्रदूषण.

रस्त्यावरचा धूर आणि आवाज जातो, ते खरंच आहे, स्वारगेटला दहा मिनिटं उभं राहिलेल्या कुणालाही त्याची किंमत कळते. पण कार्बनचा हिशेब मांडा. आपली वीज अजून बरीचशी कोळशाची, देशात एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. बसला किलोमीटरला १.२ युनिट, म्हणजे साधारण ०.८४ किलो. डिझेलची बस लिटरला साडेतीन किलोमीटर देते, लिटरमागे २.७ किलो, म्हणजे किलोमीटरला ०.७७. चुकलंय असं वाटतंय ना, परत करा, तेच येतं. यात विजेची बस एसी आणि डिझेलची बिनएसी धरलीय, डिझेल काढून शुद्ध करून आणण्यातला कार्बन धरलेला नाही, आणि सोलर वाढेल तसा विजेचा आकडा दरवर्षी उतरत जाईल, त्यामुळे 'इलेक्ट्रिक म्हणजे फसवणूक' असलं काही ह्यातून काढू नका. मुद्दा वेगळाय. त्या ०.८४ किलोला आतल्या माणसांनी भागा. ४० माणसं असतील तर माणशी २१ ग्रॅम. एकट्यानं स्कूटर नेली तर, लिटरला ४५ देणारी, किलोमीटरला ५० ग्रॅम. पण बसमध्ये दहाच माणसं असतील तर माणशी ८४ ग्रॅम, म्हणजे त्यापेक्षा स्कूटर परवडली!

म्हणजे पर्यावरण वाचवणारी वस्तू बॅटरी नाहीच मुळी, ती आहे सीटवर बसलेली मावशी. आणि दुचाकी घरी ठेवून आलेला तिचा मुलगा. कागदावर 'शाश्वत' हा एक रकाना असतो आणि 'सर्वसमावेशक' हा दुसरा, पहिल्याला इंजिनिअर बघतात आणि दुसऱ्याला कुठलीतरी समिती, पण वरचा भागाकार बघितलात तर दोन्ही रकाने एकच आहेत, लोक चढले नाहीत तर दोन्ही गेले.

पैशांकडे येऊ. इंधनाचा खर्च विजेत नक्की कमी, ढोबळ धरलं तर डिझेलचे किलोमीटरला पंचवीसेक रुपये आणि विजेचे दहाच्या आत. पण बसच महाग, त्यामुळे महापालिका ती विकत घ्यायला धजत नाहीत आणि बहुतेक ठिकाणी आता भाड्यानं घेतात, बस ठेकेदाराची, ड्रायव्हर ठेकेदाराचा, मेंटेनन्स त्याचा, आणि त्याला किलोमीटरमागे ठरलेले पैसे. याला जीसीसी (ग्रॉस कॉस्ट कॉन्ट्रॅक्ट) म्हणतात, मुंबईत वेट लीज. समजायला सोपं उदाहरण म्हणजे लग्नाचा केटरर. ताटामागे रेट ठरतो आणि तो ३०० ताटांची गॅरंटी घेतो, पाऊस पडला आणि २२० माणसं जेवली तरी पैसे ३०० चे. बसच्या करारात ताटाऐवजी किलोमीटर असतात. २०२२ मध्ये दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद, कोलकाता आणि सुरत यांच्यासाठी ५,४५० बसचं एकत्र टेंडर निघालं तेव्हा किलोमीटरला साधारण ४० ते ४८ रुपयांच्या आसपास भाव आले आणि सगळे खूश झाले, कारण एकत्र घेतल्यावर भाव पडतो हे भाजीपाला घेणाऱ्यालाही माहितीये. पुढे २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राची १०,००० बसची 'पीएम ई-बस सेवा' योजना आली तीही याच धर्तीवर.

या पद्धतीत चांगलं हे की महापालिकेला एकदम शेकडो कोटी काढावे लागत नाहीत आणि बस बंद पडली तर डोकेदुखी ठेकेदाराची. वाईट हे की केटररला ताटं मोजायची असतात, लोकांचं पोट भरलं का हे तो विचारत नाही. बस रिकामी पळाली काय, भरून पळाली काय, त्याला सारखंच. म्हणून करारात वेळेवर सुटणं, स्टॉपवर नीट थांबणं, एसी आणि रॅम्प चालू असणं याला दंड आणि बक्षीस दोन्ही लिहावं लागतं, नाहीतर किलोमीटर पूर्ण आणि प्रवासी रस्त्यावर. दुसरी बाजूही आहे, महापालिका पैसे थकवतात. त्या भीतीनं ठेकेदार रेट चढवतो. म्हणूनच २०२४ च्या सप्टेंबरमध्ये केंद्रानं ३,४३५ कोटींचा वेगळा फंड मंजूर केला, शहरानं पैसे द्यायला उशीर केला तर त्यातून ठेकेदाराला मिळावेत आणि नंतर राज्याकडून वसूल व्हावेत म्हणून.

मुंबईत काय झालं ते बघण्यासारखं आहे, आणि बघताना वाईटही वाटतं. बेस्टनं २०१९ च्या जुलैमध्ये किमान तिकीट थेट ५ रुपयांवर आणलं, एसीचं ६. लोक धावत परत आले. त्याच वर्षी युनियनशी स्वतःच्या ३,३३७ बस कायम ठेवायचं ठरलं होतं, पण जुन्या बस वयोमानानं भंगारात जात राहिल्या, नव्या स्वतःच्या आल्या नाहीत, भाड्याच्या वाढत गेल्या, आणि मग भाड्यावाल्यांनाच परवडेना, काहींनी मधेच बस काढून घेतल्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कंत्राटी ड्रायव्हरांनी काम बंद केलं, मागणी समान कामाला समान वेतन. शेवटी मे २०२५ मध्ये किमान तिकीट दुप्पट, १० आणि १२. यातून मी काढलेला अर्थ एवढाच की जुनं मोडण्याचा वेग आणि नवं येण्याचा वेग यांचा हिशेब एकाच कागदावर हवा, आणि ड्रायव्हरचा पगार हा टेंडरमधला सगळ्यात स्वस्त करायचा रकाना नसावा.

ड्रायव्हरचा विषय निघालाच आहे तर, ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात भाड्याच्या इलेक्ट्रिक बसचा भीषण अपघात झाला, माणसं गेली. दोष कुणाचा ते कोर्ट बघेल. पण त्यानंतर ट्रेनिंगचा प्रश्न पहिल्यांदा सगळ्यांच्या तोंडी आला. इलेक्ट्रिक बसला क्लच नाही, गिअर बदलायचे नाहीत, पेडल दाबलं की मोटर पूर्ण जोर लगेच देते, डिझेलसारखी घुरघुरत उठत नाही, आणि पेडलवरून पाय काढला की बस आपोआप मंदावते आणि तीच ऊर्जा बॅटरीत परत जाते. वीस वर्षं क्लच-गिअरवर बसलेला पाय दोन-तीन दिवसांत हे शिकत नाही, आणि नीट शिकलेला ड्रायव्हर तीच बस तेवढ्याच बॅटरीवर बरीच लांब नेतो, म्हणजे ट्रेनिंगवर घातलेला पैसा पल्ल्यातून परत मिळतो. वर्कशॉपमधल्या मेकॅनिकचं काय हे तर कुणी विचारतच नाही. ज्यानं आयुष्यभर पंप आणि नोझल उघडले त्याच्यासमोर आता नारिंगी केबल आहे, आत पाचशे-सहाशे व्होल्ट, हात लावायचा नाही. इलेक्ट्रिक बस ठेकेदाराची, तर तिचा मेकॅनिकही ठेकेदाराचा, मग हा पन्नाशीतला माणूस कुठे जाणार? त्याला शिकवून नव्या डेपोत घेणं हे ट्रान्झिशनच्या बजेटमध्येच धरलेलं असलं पाहिजे, नंतर सहानुभूती म्हणून नाही.

आता चढण्या-उतरण्याबद्दल. बसची फरशी जमिनीपासून किती उंच यावर तीन जाती पडतात, ९०० मिलिमीटर म्हणजे जुन्या पद्धतीची, ६५० म्हणजे मधली, आणि ४०० म्हणजे खरी लो-फ्लोअर. घरातली जिन्याची पायरी दीडशे-पावणेदोनशे मिलिमीटर असते, त्यावरून अंदाज करा. इलेक्ट्रिक बसला खाली गिअरबॉक्स वगैरेची गर्दी नसल्यानं फरशी खाली आणणं तुलनेनं सोपं, त्यामुळे बस बदलताना हे एकदाच मिळणारं निमित्त आहे. ते घालवलं तर पुढची बारा वर्षं गुडघे दुखणाऱ्या प्रत्येकाला तो जिना चढायचाय.

पण नुसती बस खाली आणून भागत नाही. दुसऱ्या एका शहरात, नाव राहू दे, मी चकाचक लो-फ्लोअर बसमध्ये बसलो होतो आणि एका स्टॉपवर व्हीलचेअरवरचे एक काका हात करत होते. स्टॉपसमोर तीन रिक्षा आणि एक शहाळ्यांची गाडी, त्यामुळे बस रस्त्याच्या मधे थांबली. कंडक्टर भला माणूस, खाली उतरला, दाराच्या फरशीतली कडी वर ओढली, रॅम्प उलटा करून बाहेर टाकला. रॅम्प फूटपाथच्या कडेला टेकायला बनवलेला, तो टेकला थेट डांबरावर, उतार इतका खडा की खुर्ची वर चढेना. मागे हॉर्न. दोघा पोरांनी खुर्ची उचलून आत घेतली, काकांनी सगळ्यांची माफी मागितली. माफी काकांनी मागितली, हे माझ्या डोक्यातून जात नाही. बस कोटीची होती, कमी पडला तो वीतभर उंचीचा फूटपाथ आणि समोरची मोकळी जागा, आणि ते काम बसवाल्यांचं नव्हतंच, रस्ते विभागाचं आणि ट्रॅफिक पोलिसांचं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बस आणि स्टॉप दोन्ही येतात, पण टेंडर फक्त बसचं निघतं.

असंच अंध प्रवाशांचं. इलेक्ट्रिक बस आवाज करत नाही, आपल्याला सुख, पण ज्याला बस कानानं ओळखायची आहे त्याला ती आलेलीच कळत नाही. बाहेरच्या बाजूला स्पीकर, नंबर आणि दिशा मराठीत बोलून दाखवणारा, हा किरकोळ खर्च आहे आणि तो करारात नसेल तर नंतर बसत नाही.

तिकिटाचंही थोडं. १ जून २०२५ पासून पुण्यात तिकीट वाढलं, ५ चं किमान भाडं १० झालं, दिवसाचा पास ४० चा ७०, महिन्याचा ९०० चा १,५००. इतकी वर्षं वाढ नव्हती, कधीतरी होणारच होती, तरी दर दोन-तीन वर्षांनी रुपया-दोन रुपये वाढले असते तर एकदम हिसका बसला नसता असं आपलं मला वाटतं. पण मावशींच्या माळेचा विचार करा, कोथरूड, मंडई, ससून, घर, प्रत्येक वेळी उतरलं की नवं तिकीट. ऑफिसवाल्याला तेवढ्याच अंतराला एकच. दोन तासांत कितीही वेळा बस बदला, तिकीट एकच, अशी सोय बऱ्याच देशांत आहे आणि आता मशीन-ॲपच्या जमान्यात अवघड नाही. बायकांना मोफत प्रवास दिल्लीनं २०१९ च्या भाऊबीजेला सुरू केला, कर्नाटकनं जून २०२३ मध्ये, आपल्याकडे एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे पण ते एसटीत, पुण्याच्या शहर बसला नाही. मोफत असावं की नाही यावर घराघरात भांडणं होतील. मला विचाराल तर पैसा मर्यादित असेल तर आधी फेऱ्या वाढवा मग तिकीट कमी करा, कारण जी बस येतच नाही ती फुकट असून काय उपयोग. आणि ॲप कितीही चांगलं असू दे, रोख घेणारा कंडक्टर असायलाच हवा, सगळ्यांच्या हातात स्मार्टफोन नसतो आणि असला तरी महिनाअखेरीस त्यात नेटपॅक नसतो.

सगळं एकदम बदलायची घाई करू नये, याचं मोठं उदाहरण चिलीच्या सांतियागो शहराचं. १० फेब्रुवारी २००७ ला त्यांनी एका रात्रीत अख्ख्या शहराचे बसरूट बदलले, कागदावर सुरेख आखणी होती, सकाळी लोक तासन्‌तास स्टॉपवर, मेट्रोत तुफान गर्दी, आणि शेवटी राष्ट्राध्यक्षांनी जाहीर माफी मागितली. पुढे तेच शहर इलेक्ट्रिक बसमध्ये जगात पुढे गेलं, पण टप्प्याटप्प्यानं. चीनच्या शेन्झेननं २०१७ अखेर १६,००० च्या वर बस विजेवर आणल्या, तो आकडा सगळे सांगतात, पण त्यामागे सरकारनं किती वर्षं किती पैसा ओतला ते सांगत नाहीत.

राहता राहिलं विचारणं. आपल्याकडे 'हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत' अशी जाहिरात पेपरात आतल्या पानावर येते आणि मावशी ती कधीच वाचणार नाहीत. तिकीट मशीनचा डेटा बघून रूट आखतात, ते चांगलंच आहे, पण मशीनला फक्त चढलेला माणूस दिसतो. जो बस नाही म्हणून आलाच नाही, किंवा गर्दी बघून मागे राहिला, तो डेटात नाही. त्यासाठी कुणीतरी पहाटे पाचला कात्रजच्या स्टॉपवर वही घेऊन उभं राहायला हवं.

आणि साडेपाचच्या बसचं म्हणाल तर उत्तर एसटीनं कधीच काढून ठेवलंय, मुक्कामी गाडी. रात्रीची शेवटची फेरी गावात येते, तिथेच थांबते आणि पहाटे तिथूनच सुटते, रिकामी पळवायची गरजच नाही. शहराच्या टोकाच्या टर्मिनलवर तसं करता येईल, पाच-सहा बस रात्री तिथेच, दोन-तीन चार्जर, वॉचमन, आणि ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला खोली. खोलीत पंखा, शेजारी पाणी असलेला धड संडास, आणि कंडक्टर बाई असेल तर वेगळी खोली, जिची कडी आतून नीट लागते.